विश्लेषण : ‘रोबोट’वर एकमत, ‘२.०’वर दुमत! आठ वर्षे वाट पाहून प्रेक्षक का दुभंगले?

हृतिक रोशन स्वतः दिग्दर्शन करणार असलेल्या ‘क्रिश’च्या चौथ्या भागाची घोषणा मार्च २०२५ मध्ये झाली. ‘क्रिश ३’ आला होता १ नोव्हेंबर २०१३ रोजी. जून २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘कल्की २८९८ एडी’चे कथानक अर्ध्यावर थांबले असून त्याच्या दुसऱ्या भागाचीही प्रतीक्षा आहे. विज्ञानपटाच्या पुढच्या भागासाठी भारतीय प्रेक्षकाने अशी प्रदीर्घ वाट याआधी पाहिली ती ‘२.०’साठी. ‘रोबोट’ २०१० मध्ये आला, ‘२.०’ २०१८ मध्ये. मधल्या आठ वर्षांत उत्सुकता वाढत गेली आणि चित्रपट आल्यावर प्रेक्षकांचे सरळ दोन तट पडले. एका तटाच्या भावना कोल्हापुरी बोलीत ‘नाद खुळा’ या दोन शब्दांत मावतात. दुसऱ्याचे म्हणणे होते की एवढी वाट पाहून अखेर भुताचीच गोष्ट हाती आली. हा वाद केवळ आवडीनिवडीचा होता का? चिमण्या खरेच मोबाइल टॉवरमुळे मरतात का? आणि भारतीय बनावटीचा पहिला सिनेकॅमेरा ज्या गावात घडला, त्या कोल्हापूरचा या साऱ्याशी काय संबंध?

‘रोबोट’ने अपेक्षा एवढी का वाढवली?

शंकर दिग्दर्शित तमिळ ‘एंदिरन’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘रोबोट’ १ ऑक्टोबर २०१० रोजी प्रदर्शित झाली. शास्त्रज्ञ वशीकरण आणि त्याने घडवलेला, त्याच्याच चेहऱ्याचा यंत्रमानव चिट्टी, या दोन्ही भूमिका रजनीकांत यांच्या. बंगळुरूच्या मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड ते हेच. त्यामुळे महाराष्ट्रात त्यांच्याकडे पाहताना ‘आपला माणूस’ ही भावना कायम मागे उभी असते. गायकवाड घराण्याचे मूळ गाव पुरंदर तालुक्यातले मावडी कडेपठार असल्याचे सांगितले जाते. दक्षिणेतला नायक, हिंदीत बोलणारा, मूळचा मराठी आणि पडद्यावर यंत्र, असे ते अजब रसायन होते. दूरचित्रवाणीवर हा चित्रपट पुढे इतक्या वेळा दाखवला गेला की चित्रपटगृहात न गेलेल्या मुलांनाही चिट्टी तोंडपाठ झाला.

पण केवळ नायकामुळे तो टिकला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ‘रोबोट’मध्ये विज्ञानकथेचा खरा गाभा होता. यंत्राला नियम शिकवता येतात, पण लाज, दया, मत्सर यांचे काय, हा प्रश्न त्यात ठोस प्रसंगांतून उभा केला होता. आगीच्या प्रसंगात चिट्टी स्नान करणाऱ्या मुलीला तशाच अवस्थेत बाहेर आणतो. यंत्राच्या हिशेबात जीव वाचला, म्हणजे काम झाले. पण लोकांसमोर आलेली ती मुलगी लाजेने धावत सुटते आणि वाहनाखाली जीव देते. एवढा एक प्रसंग यंत्र आणि माणूस यांतली दरी दाखवायला पुरेसा आहे. त्यानंतर चिट्टीला भावना शिकवल्या जातात, तो निर्मात्याच्याच प्रेयसीच्या प्रेमात पडतो, भंगारात फेकला जातो आणि लाल चिप बसवून परततो. प्रत्येक वळणाचे कारण आधीच्या वळणात आहे. डासांशी वाटाघाटी करणाऱ्या चिट्टीवर हसतानाही प्रेक्षक कथेचे बोट सोडत नाही.

याचे श्रेय शंकर यांच्याबरोबर सुजाता यांनाही द्यायला हवे. ‘सुजाता’ हे तमिळ लेखक एस. रंगराजन यांचे टोपणनाव. ते पेशाने अभियंता होते आणि भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये असताना मतदान यंत्राच्या निर्मितीवर त्यांनी देखरेख केली होती. यंत्र कसे चालते आणि कुठे अडते, हे ठाऊक असलेला हा माणूस तमिळमध्ये लोकप्रिय विज्ञानकथा लिहीत असे. २७ फेब्रुवारी २००८ रोजी, म्हणजे ‘रोबोट’ पडद्यावर येण्याच्या अडीच वर्षे आधी, त्यांचे निधन झाले. ‘२.०’च्या वेळी शंकर यांच्यासोबत सुजाता नव्हते. संवादलेखनाची जबाबदारी जयमोहन यांच्याकडे गेली. जयमोहन मोठे साहित्यिक आहेत, पण त्यांची वाट निराळी. दोन चित्रपटांच्या बुद्धीत जो फरक प्रेक्षकांना जाणवला, त्याचे एक कारण येथे सापडते.

‘२.०’ला इतका उशीर का झाला?

चित्रीकरण डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाले. नोव्हेंबर २०१६ मध्ये मुंबईत पहिली झलक दाखवण्याचा समारंभ झाला. आधी २०१७ ची दिवाळी ठरली, मग जानेवारी २०१८, मग तीही हुकली. अखेर २९ नोव्हेंबर २०१८ हा मुहूर्त लागला. अडले होते ते संगणकीय दृश्यांवर. हजारो मोबाइल फोन एकत्र येऊन रस्त्यासारखे सरपटतात, त्यांचाच अवाढव्य पक्षी बनतो, अशी दृश्ये जगभरातल्या वेगवेगळ्या कंपन्यांकडून करून घेतली जात होती आणि त्यांचे वेळापत्रक कोलमडले. खर्च पाचशे कोटींच्या वर गेल्याचे निर्मात्यांच्या बाजूने सांगितले गेले. तोपर्यंतचा तो भारतातला सर्वांत महागडा चित्रपट म्हणून गाजवला गेला.

उशिराचा परिणाम असा की चित्रपट येण्याआधी दोन वर्षे त्याच्याविषयी फक्त आकडेच बोलले जात होते. किती कोटी, किती पडदे, किती दृश्ये. कथा काय आहे, हे कोणी विचारत नव्हते आणि कोणी सांगतही नव्हते. आठवणीतला चिट्टी मात्र दरवर्षी अधिक गोड होत गेला.

वाद नेमका कशावरून झाला?

चेन्नईतले मोबाइल फोन एके दिवशी लोकांच्या हातांतून उडून जातात. त्यामागे असतो पक्षिराजन, म्हणजे अक्षय कुमार. आयुष्यभर पक्ष्यांची सेवा केलेला हा वृद्ध पक्षितज्ज्ञ मोबाइल टॉवरच्या लहरींनी पक्षी मरत आहेत, असे सरकार, न्यायालय आणि कंपन्यांना सांगून थकतो आणि अखेर टॉवरलाच गळफास लावून घेतो. त्याची आणि मेलेल्या पक्ष्यांची ‘ऊर्जा’ एक होऊन शहरावर सूड उगवते. तिला रोखण्यासाठी संग्रहालयात ठेवलेला चिट्टी पुन्हा जोडला जातो.

तंत्रावर फारसा वाद नव्हता. फोनांच्या लाटेचा सुरुवातीचा भाग, क्रीडागारातला शेवटचा संग्राम, कबुतरांवर स्वार होणारे चिमुकले चिट्टी हे सारे थेट त्रिमितीत चित्रित झालेले होते आणि भारतीय पडद्यावर तोवर या दर्जाचे काम क्वचितच दिसले होते. मुले बेहद्द खूश होती. हिंदी आवृत्तीची निव्वळ कमाई पावणेदोनशे कोटींच्या पुढे गेल्याचे व्यवसायाचे जाणकार सांगतात. दक्षिणेतून डब होऊन आलेल्या चित्रपटासाठी ‘बाहुबली’चा अपवाद वगळता हा आकडा तेव्हा फार मोठा होता.

तक्रार होती ती कथेबद्दल. पहिल्या भागातला विनोद गेला. ऐश्वर्या राय यांची सना केवळ फोनवरच्या आवाजापुरती उरली. तिच्या जागी आलेली नीला ही यंत्रमानव असल्याने प्रेमाचा त्रिकोण उभाच राहू शकत नव्हता. चिट्टीला पहिल्या भागात स्वतःचा प्रश्न होता. येथे तो बोलावले की येणारा लढवय्या झाला. हे सारे खरे, पण वरवरचे. मूळ अडचण याहून खोल आहे आणि ती अनेक परीक्षणांत निसटली.

पूर्वार्धात प्रेक्षकाला पक्षिराजनची भीती वाटते. उत्तरार्धात त्याची पूर्वकथा येते. झाडाखाली पक्ष्यांना वाढवणारा, कार्यालयांचे उंबरे झिजवणारा, हसण्यावारी नेला जाणारा म्हातारा. चित्रपटाचा सर्वांत उत्कट भाग हाच, आणि तो संपला की प्रेक्षक मनाने खलनायकाच्या बाजूला गेलेला असतो. त्यानंतर चाळीस मिनिटे नायक त्याच म्हाताऱ्याला हरवताना पाहायचा. टाळी वाजवायची कोणासाठी? ज्यांना रजनीकांत हवे होते त्यांना लढाई आवडली, ज्यांना पक्षिराजन पटला त्यांना ती लढाई रुचली नाही. एकाच चित्रपटाने आपल्या प्रेक्षकाला दोन दारांतून आत घेतले आणि मग एकच दार उघडे ठेवले. शेवटी वशीकरण पक्षिराजनचे म्हणणे रास्त असल्याचे कबूल करतो आणि मोबाइलचा वापर आवरता घ्या, असे सांगतो. पण तोवर फार उशीर झालेला असतो.

पडदा बदलला की मतही बदलते?

बदलते, आणि ‘२.०’च्या बाबतीत हे विशेष लक्षात घ्यायला हवे. त्रिमितीय चित्रीकरणात दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवून डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी वेगळी प्रतिमा टिपतात. चित्रपटगृहात चष्म्याच्या काचा ती प्रतिमा आपापल्या डोळ्यापर्यंत पोहोचवतात. या प्रवासात प्रकाश निम्म्याहून अधिक घटतो. बहुतेक पद्धतींत रुपेरी थर दिलेला खास पडदा लागतो, प्रक्षेपकाचा दिवा दमदार लागतो. दिवा जुना असेल किंवा खर्च वाचवण्यासाठी मंद ठेवला असेल, तर पाचशे कोटींचे दृश्य संध्याकाळच्या धुक्यात पाहिल्यासारखे दिसते.

मोठ्या शहरातल्या नव्या बहुपडदा चित्रपटगृहात आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या एकपडदा चित्रपटगृहात या चित्रपटाचा अनुभव एक असणे शक्यच नव्हते. अनेक ठिकाणी तो साध्या द्विमितीत दाखवला गेला. ज्या दृश्यांसाठी तो रचला होता तीच सपाट झाल्यावर उरते काय, तर कथा, आणि कथेचीच तर तक्रार होती. त्यामुळे ‘२.०’ पाहिलेले दोघे जण वाद घालत असतील, तर आधी कुठे पाहिला, हे विचारणे शहाणपणाचे. ‘अवतार’च्या बाबतीतही हेच घडते. घरच्या दूरचित्रवाणी संचावर पाहणाऱ्याला त्या चित्रपटाचे एवढे कौतुक कशासाठी, असा प्रश्न पडतो, आणि तो अगदीच अनाठायी नसतो.

चिमण्या मोबाइल टॉवरमुळे मरतात का?

‘२.०’ने सोडलेला सर्वांत गंभीर प्रश्न हाच. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या तोंडावर मोबाइल कंपन्यांच्या देशव्यापी संघटनेने चित्रपट प्रमाणन मंडळाकडे आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे धाव घेतली. चित्रपट मोबाइल व टॉवरविषयी अवैज्ञानिक समज पसरवतो, त्याचे प्रमाणपत्र रद्द करावे, अशी तिची मागणी होती. चित्रपट ठरल्या दिवशी प्रदर्शित झाला. कंपन्यांचा हितसंबंध उघड असल्याने अनेकांना ही हरकतच चित्रपटाच्या बाजूचा पुरावा वाटली. पण हितसंबंध असलेला माणूस प्रत्येक वेळी खोटेच बोलतो, असे नाही.

मोबाइलच्या लहरी साधारण ७०० मेगाहर्ट्झपासून साडेतीन गिगाहर्ट्झपर्यंतच्या. क्ष-किरणांप्रमाणे अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात ठेवले. पुरावा मर्यादित आहे, पण शक्यता पूर्णपणे फेटाळता येत नाही, असा त्याचा अर्थ. भारताने खबरदारी म्हणून १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकाच्या एक दशांशावर आणली. म्हणजे चित्रपटात दाखवल्याप्रमाणे सरकारने या विषयात काहीच केले नव्हते, हे वास्तवाला धरून नाही.

पक्ष्यांचे काय? केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे तत्कालीन संचालक असद रहमानी होते. समितीने ९१९ अभ्यासांचा धांडोळा घेतला. त्यांतल्या बहुसंख्य अभ्यासांत काही ना काही परिणाम नोंदला होता. मात्र पक्ष्यांवरचे अभ्यास मोजकेच होते आणि भारतातल्या पक्ष्यांवर अधिक संशोधनाची गरज समितीनेच अधोरेखित केली. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ हा अहवाल आला. देशभरातल्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून त्याने काढलेला निष्कर्ष अनेकांना धक्का देणारा होता. एकूण देशाचा विचार करता चिमणी बऱ्यापैकी स्थिर आहे. ती घटली आहे ती प्रामुख्याने मोठ्या महानगरांत. आणि या घटीचा दोष टॉवरच्या लहरींवर टाकण्याजोगा पुरावा नाही. संशयाची बोटे वळतात ती पिलांना लागणाऱ्या किड्यांच्या तुटवड्याकडे आणि घरट्यांच्या हरवलेल्या जागांकडे.

ही दुसरी गोष्ट समजण्यासाठी कोल्हापूरकराला अहवाल वाचायची गरज नाही. कौलारू घराची वळचण, आढ्यातली फट, भिंतीतला दिवळीचा कोनाडा, पडवीत निवडलेल्या धान्याचे सांडलेले दाणे हे चिमणीचे जग होते. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीत आणि काचेच्या दर्शनी भागात तिला चोच खुपसायलाही जागा नाही. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी लाकडी घरट्यांची मोहीम सुरू केली आणि त्यांच्या संस्थेच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो. या मोहिमेचा रोख जागा आणि अन्न यांवर आहे, कारण तिथे सामान्य माणसाला काही करता येते. ‘२.०’ने मात्र सारा दोष खिशातल्या यंत्रावर टाकला. मोबाइल सोडणे कोणालाच शक्य नाही. त्यामुळे चित्रपटगृहातून बाहेर पडलेला माणूस अपराधी वाटून घेतो, फोन सुरू करतो आणि वळचणीचा विचार त्याच्या मनात येत नाही.

शंकर यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. लहरींचा पक्ष्यांवर काहीच परिणाम होत नाही, असेही विज्ञान म्हणत नाही. जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठात रॉबिन पक्ष्यांवर झालेला प्रयोग २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या आवारातल्या लाकडी खोल्यांत ठेवलेल्या या स्थलांतरी पक्ष्यांना दिशाच कळेना. खोल्यांना अॅल्युमिनियमचे आवरण देऊन ते जमिनीशी जोडल्यावर त्यांचे चुंबकीय दिशाज्ञान परतले. म्हणजे विजेच्या उपकरणांतून पसरणारा लहरींचा गोंगाट त्यांना भरकटवत होता. फक्त त्या लहरी होत्या ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या, मोबाइलच्या लहरींपेक्षा कितीतरी कमी वारंवारतेच्या. या प्रयोगातून एक उत्तम विज्ञानपट निघू शकला असता. दिशा हरवलेला पक्षी आणि दिशा हरवलेले शहर! ‘२.०’ने त्याऐवजी आत्म्याची आभा निवडली.

विज्ञानपट आणि चमत्कारपट यांत फरक काय?

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी १९७४ मध्ये त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि ती पहिली आली. तेथून मराठी विज्ञानकथेला नवे बळ मिळाले. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. विज्ञानकथेतली कल्पना कितीही मोठी झेप घेवो, पाय विज्ञानाच्या जमिनीवरून उचललेले हवेत, असा त्यांचा आग्रह होता. माणसाच्या हाताबाहेर जाऊ पाहणाऱ्या बुद्धिमान यंत्राची कल्पना त्यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत ‘रोबोट’च्या कितीतरी आधी येऊन गेली होती.

या कसोटीवर ‘रोबोट’ पुष्कळसा उतरतो. स्वतःच्या प्रती काढणारे यंत्र ही अतिशयोक्ती असली तरी ती यंत्राच्या तर्कातून वाढलेली आहे. ‘२.०’मध्ये मात्र मेलेल्याची आभा, तिचा ऋण आणि धन भार, तिला बंदिस्त करणारे उपकरण असा मामला आहे. शब्द प्रयोगशाळेतले, गोष्ट स्मशानातली.

मग प्रेक्षक चमत्कार स्वीकारत नाही का? आनंदाने स्वीकारतो. प्रभातचा ‘माया मच्छिंद्र’ १९३२ मध्ये कोल्हापुरातच तयार झाला आणि त्यातल्या मायेच्या करामतींना कोणी पुरावा मागितला नाही. तुकोबांना न्यायला आलेल्या विमानाला ‘संत तुकाराम’च्या प्रेक्षकाने हात जोडले. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मध्ये गुंडाचा आत्मा बाहुलीत शिरतो, तेही चालले, कारण तो चित्रपट पहिल्यापासून मंत्राची भाषा बोलतो. जो चित्रपट शास्त्रज्ञाच्या कोटात येतो, त्याला मात्र प्रेक्षक शास्त्रज्ञाचेच प्रश्न विचारतो. ‘झपाटलेला’चा दुसरा भाग वीस वर्षांनी, जून २०१३ मध्ये त्रिमितीत आला तेव्हा तात्या विंचू होता, पण लक्ष्मीकांत बेर्डे नव्हते. तेथेही जुन्या प्रेक्षकाला तंत्र नवे दिसले आणि जागा रिकामी दिसली.

कोल्हापूरला हा अनुभव नवा आहे का?

अजिबात नाही. खरी कॉर्नरजवळचा कॅमेरा मानस्तंभ ज्यांच्या आठवणीसाठी उभा आहे, त्या बाबूराव पेंटर यांनी परदेशी यंत्राचा अभ्यास करून कोल्हापुरात कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्यांचा पहिला मूकपट ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात प्रदर्शित झाला. भीमाने कीचकाचा शिरच्छेद केल्याचे दृश्य इतके खरे वाटले की प्रेक्षागृहात काही जणींना भोवळ आली, असे सांगतात. ते दृश्य पुढे कापावे लागले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. एकाच दृश्याने गौरवही मिळवला आणि कात्रीही.

तेरा वर्षांनी बाबूरावांचेच शिष्य व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी ‘सैरंध्री’ पुन्हा केला, या वेळी बोलपट आणि रंगीत. १९३३ मधली ही उडी किती मोठी होती, याची कल्पना आज येणार नाही. रंगांची प्रक्रिया आणि प्रती यांसाठी चित्रपट जर्मनीला न्यावा लागला. रंगीत चित्रपट येणार म्हणून उत्सुकता शिगेला पोहोचली होती. पडद्यावर उतरलेले रंग मात्र भडक आणि अनैसर्गिक निघाले आणि प्रेक्षक हिरमुसला. जुने नाव, नवे तंत्र, परदेशातली प्रयोगशाळा, मोठा खर्च आणि निराशा अशी ‘२.०’ची सारी लक्षणे ८५ वर्षे आधी येथे दिसून गेली होती. फरक एवढाच की ‘सैरंध्री’त तंत्र फसले, कथा शाबूत होती. ‘२.०’त नेमके उलटे झाले. प्रभात त्याच वर्षी पुण्याला गेली आणि पुढची काही वर्षे तिने रंगाचा नाद सोडून ‘अमृतमंथन’, ‘कुंकू’, ‘माणूस’ असे कृष्णधवल चित्रपट केले. ते आजही पाहिले जातात.

परदेशात काय घडले?

फार निराळे नाही. ‘ब्लेड रनर’ १९८२ मध्ये तिकीटबारीवर पडला, नंतर अभिजात ठरला. ३५ वर्षांनी आलेल्या ‘ब्लेड रनर २०४९’चे समीक्षकांनी कौतुक केले, पण प्रेक्षकांनी त्याच्याकडेही पाठच फिरवली. ‘मॅट्रिक्स’ची कथा २००३ नंतर थेट २०२१ मध्ये पुढे गेली आणि चाहत्यांतच जुंपली. १३ वर्षे थांबून आलेला ‘अवतार : द वे ऑफ वॉटर’ दोन अब्ज डॉलरच्या पुढे गेला. कथा बाळबोध असल्याची तक्रार त्याच्याही वाट्याला आली. मात्र जेम्स कॅमेरून यांनी पहिल्या भागातही कथेचे फार मोठे वचन दिलेले नव्हते. त्यांनी जग दाखवले होते, दुसऱ्या भागात त्याच जगातला समुद्र दाखवला. शंकर यांनी पहिल्या भागात प्रश्न विचारला होता, दुसऱ्यात देखावा दिला.

आता कसोटी कोणाची?

शंकर यांचा ‘इंडियन २’ जुलै २०२४ मध्ये, मूळ चित्रपटानंतर २८ वर्षांनी आला आणि त्यावर तर दुमतही फारसे झाले नाही. ‘क्रिश ४’पुढची अडचण वेगळी आहे. ‘कोई मिल गया’तल्या परग्रहवासी जादूपासून सुरू झालेली ती गोष्ट ‘क्रिश ३’पर्यंत पोहोचताना विज्ञानकथेकडून अतिमानवाच्या मारामारीकडे सरकली. २००३ मध्ये जादूला पाहून भारावलेली मुले आता स्वतःच्या मुलांना घेऊन चित्रपटगृहात येतील. ‘कल्की’ने आपल्यापुरता रस्ता आधीच मोकळा करून ठेवला आहे. त्यात अश्वत्थामा आणि यंत्रे एकत्र नांदतात, त्यामुळे चमत्काराचा हिशेब कोणी मागणार नाही. पण पहिल्या भागाची सारी कथा जिच्या गर्भाभोवती फिरते, ती सुमती साकारणाऱ्या दीपिका पदुकोण पुढच्या भागात नसतील, असे निर्मात्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. सनाचा केवळ आवाज उरला तेव्हा काय झाले, हे ‘२.०’च्या प्रेक्षकाला आठवत असेल.